मुलांवरील लैंगिक अत्याचाराची चिन्हं: काय पाहायचं, कसं विचारायचं, पुढे काय करायचं

मुलावर लैंगिक अत्याचार झाला असेल तर अंगावर काहीतरी दिसेलच, असं बहुतेक पालक धरून चालतात. तसं धरून चालू नका. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत, अत्याचाराच्या संशयावरून तपासणीला आणलेल्या २,३८४ मुलांपैकी सुमारे ९६ टक्के मुलांची जननेंद्रियं तपासणीत सामान्य निघाली. २००४ सालच्या दुसऱ्या एका अभ्यासात ३६ गरोदर किशोरवयीन मुलींची तपासणी झाली. शरीरसंबंध आल्याचा निश्चित पुरावा त्यांच्यापैकी फक्त दोघींच्या शरीरावर सापडला.

याची कारणं साधी आहेत. तिथली नाजूक त्वचा तोंडाच्या आतल्या त्वचेसारखी भराभर भरून येते. मुलगी वयात येते तसा तो भाग ताणला जाण्याजोगा होतो. शिवाय अत्याचाराच्या पुष्कळ प्रकारांत जखम होण्यासारखं काही घडतच नाही: हात लावणं, लावायला लावणं, नागडं व्हायला सांगणं, अश्लील चित्रं दाखवणं, फोटो काढणं. मुलाला शारीरिक वेदना न देता हे वर्षानुवर्षं चालू शकतं.

म्हणून शोध दोन ठिकाणी घ्यायचा. एक, मुलाच्या वागण्यात झालेला बदल. दोन, मुलाभोवती वावरणाऱ्या मोठ्या माणसांचं वागणं. दुसरी जागा बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. मुलाच्या वागण्यावरून कळतं तोवर अत्याचार घडून गेलेला असतो. मोठ्या माणसाचं वागणं मात्र त्याआधीही दिसू शकतं.

आधी हे माहीत असू द्या

केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचं सांगितलं, आणि त्यांत निम्म्याहून थोडे जास्त मुलगे होते. ‘आपल्याला मुलगा आहे, काळजी नाही’ हे वाक्य म्हणूनच धोक्याचं आहे. पॉक्सो कायद्याखाली (मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा) नोंदवल्या जाणाऱ्या बलात्काराच्या गुन्ह्यांत वर्षानुवर्षं ९० टक्क्यांहून अधिक आरोपी मुलाच्या ओळखीचे असतात: नातेवाईक, शेजारी, शिकवणारे, घरी येणारे-जाणारे. ‘अनोळखी माणसाकडून काही घेऊ नकोस’ एवढंच शिकवलेल्या मुलाला खऱ्या धोक्याबद्दल काहीच सांगितलेलं नसतं.

आणखी एक गोष्ट मनाशी पक्की ठेवा. अशी मुलं कशी वागतात यावरच्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा १९९३ साली घेतला गेला. त्यात दिसलं की कोणतंही एक लक्षण बहुसंख्य पीडित मुलांत आढळत नाही, आणि साधारण एक तृतीयांश मुलांत तर काहीच लक्षण दिसत नाही. म्हणजे खाली दिलेल्यापैकी एखादी गोष्ट दिसली म्हणून अत्याचार झालाच असं ठरत नाही. काही दिसलं नाही म्हणून झाला नाही, असंही ठरत नाही. चिन्ह दिसलं की लक्ष वाढवायचं आणि बोलायला वाट मोकळी करायची, इतकाच त्याचा उपयोग.

पायरी १: आपल्या मुलाचं ‘नेहमीचं’ काय, ते ठाऊक असू द्या

बदल ओळखायचा तर आधीचं माहीत हवं. मूल किती वाजता झोपतं, रात्री उठतं का, अंथरूण कधीपासून कोरडं राहायला लागलं, कपडे कोण बदलतं, कोणाकडे धावत जातं, कोणाशी अंतर ठेवतं, शाळेतून आल्यावर पहिलं काय करतं. बहुतेक घरांत हे आईला किंवा आजीला पाठ असतं, बाबांना अर्धवट माहीत असतं. संशयाच्या वेळी दोघांनी एकमेकांना विचारलं तर चित्र पुरं होतं.

बदल दिसला की तीन प्रश्न स्वतःला विचारा. हा कधीपासून सुरू झाला? त्याच सुमारास मुलाच्या दिवसात काय नवं आलं (नवी शिकवणी, नवा चालक, कोणी राहायला येणं, झोपायची जागा बदलणं)? आणि एखादा माणूस, जागा किंवा वेळ आली की तो वाढतो का? तिसरा प्रश्न सगळ्यात जास्त कामाचा. नवीन भाऊ-बहीण, घरातली भांडणं, शाळाबदल, घरातला मृत्यू यांनीही मूल बदलतं, पण तो ताण सगळ्या दिवसावर पसरलेला असतो. ‘मंगळवार आणि शुक्रवारच्या क्लासच्या आधी पोट दुखतं, क्लासला सुट्टी असली की दुखत नाही’ असं दिसलं, तर थांबून बघायलाच हवं. त्यामागे मार खाणं, चिडवणं, अभ्यासाची भीतीही असू शकते. कारण काहीही असो, ते शोधायचं.

पायरी २: वागण्यातले बदल

लहान मुलांत, साधारण सहा वर्षांपर्यंत, मागे जाणं दिसतं. सहा महिने किंवा अधिक काळ कोरडं झोपणारं मूल पुन्हा अंथरूण ओलं करायला लागतं, चड्डीत शी होते, अंगठा तोंडात जातो, बोबडं बोलणं परत येतं, आईचा पदर सुटत नाही. झोपेत दचकून ओरडणं, दिवा बंद करू न देणं, एकट्याने संडासात जायला नकार. डायपर किंवा चड्डी बदलताना, अंघोळीला कपडे काढताना अंग आक्रसून घेणं. यांतली प्रत्येक गोष्ट एकटी घेतली तर अगदी साधी असू शकते.

शाळकरी मुलांत कपड्यांकडे विशेष लक्ष द्या. उकाड्यातही दोन चड्ड्या एकावर एक घालणं, झोपताना पँटची नाडी घट्ट गाठ मारून ठेवणं, पांघरुणात पूर्ण गुंडाळून झोपणं, दाराला आतून खुर्ची लावणं. मूल स्वतःचं रक्षण स्वतःच करू पाहतंय याच्या या खुणा आहेत आणि पोटदुखीपेक्षा त्यांना जास्त वजन द्यावं. त्याशिवाय अभ्यासात अचानक घसरण, शून्यात बघत बसणं, वारंवार डोकं किंवा पोट दुखणं, लहान भावंडांवर अकारण राग. काही मुलं याच्या अगदी उलट वागतात. ती एकाएकी फार शहाणी होतात, सगळ्यांना खूश ठेवतात, काही मागत नाहीत. शिक्षक त्यांचं कौतुक करतात, म्हणून ती नजरेतून सुटतात.

किशोरवयात हाताला, मांडीला ब्लेडच्या बारीक समांतर चिरा, पूर्ण बाह्यांचे कपडे कधीच न सोडणं, जेवण टाकणं किंवा खाऊन ओकणं, घर सोडून जाणं, नशा, मरणाची भाषा. ‘या वयात होतंच’ म्हणून हे बाजूला सारलं जातं. स्वतःला इजा करणं आणि मरणाची भाषा ही दोन चिन्हं दिसली तर अत्याचाराचा संशय असो वा नसो, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

एखाद्या माणसाबद्दलचा टोकाचा बदल सर्व वयांत महत्त्वाचा. ज्याच्या अंगाखांद्यावर खेळायचं त्याच्याकडे जायलाच नकार, किंवा त्याचं नाव निघताच मूल एकदम गप्प. नकाराचं कारण मुलाला सांगता येत नसतं. ‘मला तो आवडत नाही’, ‘त्याच्या तोंडाला वास येतो’, ‘तो खोटारडा आहे’ असं काहीतरी आडून बाहेर येतं. ‘काकांना असं बोलतात का?’ म्हणून तिथेच दटावलं, तर मूल पुन्हा तो विषय काढत नाही.

मात्र अत्याचार करणाऱ्याशी मूल प्रेमाने वागत असेल तर संशय चुकीचा, असंही समजू नका. पुष्कळदा त्या मुलाला सगळ्यात जास्त वेळ, लाड आणि भेटवस्तू त्याच माणसाकडून मिळत असतात.

पायरी ३: लैंगिक वागणं, कोणतं वयाप्रमाणे आणि कोणतं नाही

इथे पालक दोन्ही बाजूंनी चुकतात. काही जण तीन वर्षांच्या मुलाने शूच्या जागेला हात लावला म्हणून घाबरून मारतात, तर काही जण खरोखर चिंतेची गोष्ट ‘पोरखेळ’ म्हणून सोडून देतात.

दोन ते सहा वर्षांच्या मुलांनी स्वतःच्या जननेंद्रियाला हात लावणं, नागडं पळणं, दुसऱ्याचं शरीर कसं आहे ते बघू पाहणं, डॉक्टर-डॉक्टर खेळणं हे वाढीचा भाग आहे. असा खेळ बरोबरीच्या वयाच्या, ओळखीच्या मुलांत होतो, दोघंही हसतखेळत असतात आणि ‘चला, कपडे घाला, बाहेर खेळू’ म्हटलं की मोडतो.

पुढच्या गोष्टी मात्र वेगळ्या:

- मोठ्या माणसांच्या संभोगाची हुबेहूब नक्कल, तोंड जननेंद्रियाला लावणं किंवा लावायला सांगणं, योनीत वा गुदात वस्तू घालणं
- दुसऱ्या मुलाला जबरदस्ती, धमकी, लालूच. दोघांच्या वयात चार किंवा अधिक वर्षांचं अंतर
- थांबवलं तरी न थांबणं, पुन्हा पुन्हा लपून तेच करणं, त्यामागे राग किंवा भीती दिसणं
- वयाला न शोभणारी माहिती, विशेषतः वास, चव, ओलेपणा, ‘पांढरं बाहेर येतं’ अशा तपशिलांसह

शेवटचा मुद्दा बारकाईने बघा. मोबाइलवर अश्लील चित्रफीत पाहिलेलं मूल काय दिसलं ते सांगू शकतं. त्याची चव कशी होती, अंगाला चिकट काय लागलं, हे पडद्यावरून कळत नाही. चार वर्षांचं मूल असं काही बोललं तर ते जसंच्या तसं लिहून ठेवा. अर्थात लहान मुलाला अश्लील चित्रफीत मुद्दाम कोणी दाखवली असेल तर तोही गुन्हाच आहे, हे लक्षात ठेवा.

पायरी ४: शरीरावरची चिन्हं

डॉक्टरकडे लगेच न्यायला हवं असं काय: योनीतून, लिंगातून किंवा गुदातून रक्त, त्या भागात किंवा मांडीच्या आतल्या बाजूला वळ, चावल्याच्या खुणा, चालताना-बसताना दुखणं, चड्डीवर रक्ताचे वा स्रावाचे डाग, लघवीला वारंवार जळजळ, तोंडात टाळ्यावर रक्ताचे बारीक ठिपके, किशोरवयीन मुलीची पाळी चुकणं. वयात न आलेल्या मुलात परमा (गोनोरिया) किंवा उपदंश (सिफिलिस) हे लैंगिक संबंधातून पसरणारे रोग निघाले आणि ते जन्माच्या वेळी आईकडून आलेले नसतील, तर तो अत्याचाराचा फार ठळक पुरावा मानतात.

आता फसवणाऱ्या गोष्टी. लहान मुलींत शूच्या जागी लाली आणि खाज सर्रास असते. पुसताना मागून पुढे हात येणं, घट्ट ओलसर कपडे, साबणाचा फेस ही तिची नेहमीची कारणं. रात्री गुदाशी खाज म्हणजे बहुधा जंत. बद्धकोष्ठतेत कडक शीने गुदाला चीर पडते आणि रक्त येतं. लायकेन स्क्लेरोसस नावाच्या त्वचारोगात योनीभोवतीची कातडी पांढरी, पातळ होते आणि तिच्याखाली रक्त साकळतं, ते थेट जखमेसारखं दिसतं. सायकलच्या दांड्यावर आपटलं तर मार बहुधा बाहेरच्या भागाला, पुढे आणि एका बाजूला लागतो, आणि मूल पडल्याची हकिगत लगेच, न अडखळता सांगतं. जखम खोलवर आणि हकिगत दर वेळी वेगळी, असं असेल तर डॉक्टरांना ते स्पष्ट सांगा.

हे वेगळं करणं बालरोगतज्ज्ञाचं काम. घरी बॅटरी लावून, पाय फाकवून स्वतः तपासू नका. त्यातून पालकाला काही कळत नाही, आणि मुलाच्या वाट्याला तोच अनुभव पुन्हा येतो.

पायरी ५: मोठ्या माणसाकडे पाहा

अत्याचार करणारा क्वचितच पहिल्याच दिवशी अंगाला हात घालतो. आधी तो विश्वास कमावतो, आणि मुलाच्या बरोबरीने घरच्यांचाही. बहुतेक घरांत नंतर ऐकू येतं ते हेच: ‘तो तर इतका मदतीला यायचा.’ मदतीला येणारा प्रत्येक माणूस संशयित नाही. पण पुढच्या गोष्टींची साखळी जुळू लागली तर सावध व्हा.

अनेक मुलांतून एकाचीच निवड: बहुधा एकटं पडलेलं, घरात लक्ष न मिळणारं, किंवा सहसा ज्याच्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही असं ‘खोडकर’ मूल. मग एकांताची कारणं: जादा शिकवणी, सोडायला-आणायला जाणं, ‘तुम्ही निवांत जाऊन या, मी सांभाळतो’. मग घरच्यांना न सांगता भेटवस्तू, पैसे, मोबाइलचा रिचार्ज. मग छोटी गुपितं: ‘आपण गेम खेळलो ते आईला सांगू नकोस हं, ती रागावेल.’ या टप्प्यावर गुपित अगदी निरुपद्रवी असतं. मूल ते पाळतं का, हे त्यातून तपासलं जातं. मग स्पर्शाची चाचणी: गुदगुल्या, कुस्ती, मांडीवर ओढून बसवणं, आणि मूल ‘नको’ म्हणाल्यावरही थांबत नाही. हे सगळ्यांसमोर चालतं. कोणी हरकत घेत नाही, हे मूलही बघतं आणि त्यावरून समजतं की याला सगळ्यांची संमती आहे.

म्हणून मूल ‘नको’ म्हणालं की पाहुण्यांसमोरही ‘तिला नकोय, सोडा तिला’ असं सहज आवाजात म्हणा. साधा माणूस लगेच हात काढून घेतो आणि पुढच्या वेळी लक्षात ठेवतो. जो हसण्यावारी नेतो, रुसतो, ‘तुम्ही फार संशयी’ म्हणून तुम्हालाच अपराधी ठरवतो आणि पुन्हा तेच करतो, त्याच्यासोबत मुलाला एकटं ठेवणं बंद करा. त्यासाठी पुरावा लागत नाही.

अत्याचार करणारी व्यक्ती स्त्री असू शकते, आणि ती अठराच्या आतला मोठा मुलगा किंवा मुलगीही असू शकते. धार्मिक, सुशिक्षित, लग्न झालेला, स्वतः मुलंबाळं असलेला, यांपैकी कशानेही कोणाची हमी मिळत नाही.

मोबाइलवर हीच साखळी काही तासांतही पुरी होते. गेममधला ‘मित्र’ दुसऱ्या ॲपवर यायला सांगतो, स्वतःचा म्हणून कोणाचातरी फोटो पाठवतो, मग मुलाचा मागतो, आणि तो मिळाला की ‘सगळ्यांना पाठवीन’ म्हणून धमकावतो. कोणी जवळ येताच पडदा पालथा करणं, रात्री उशिरा संदेश, फोन हातात नसला की कासावीस होणं, अचानक पैशांची गरज, ही इथली चिन्हं. मुलाला आधी एकच सांगा: ‘फोटो पाठवला असलास तरी मी रागावणार नाही.’ धमकावणाऱ्याला पैसे देऊ नका, संभाषण पुसू नका, आणि तो फोटो पुरावा म्हणूनसुद्धा कोणाला पुढे पाठवू नका. फोन जसाच्या तसा पोलिसांना दाखवा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर मुलांशी संबंधित तक्रारीसाठी वेगळी सोय आहे.

ज्यांची चिन्हं सहज दुर्लक्षित होतात

बौद्धिक अपंगत्व, स्वमग्नता (ऑटिझम), श्रवणदोष असलेल्या मुलांना धोका जास्त असतो. त्यांची अंघोळ, शी-शू, कपडे यांसाठी अनेकांचा हात लागतो, आणि त्यांना सांगायला शब्द कमी असतात. बदल दिसला की तो ‘त्याच्या आजारामुळे’ म्हणून सोडला जातो. अशा मुलाने एका विशिष्ट मदतनिसाला बघून ओरडणं, चावणं, अंग ताठ करणं हे त्याचं बोलणंच समजा. त्याच्या संवादफलकावर (चित्रांकडे बोट दाखवून बोलायचा तक्ता) शरीराच्या खासगी अवयवांची आणि ‘नको’, ‘दुखलं’ यांची चित्रं नसतील तर आजच लावून घ्या.

मुलग्यांबाबत एक गाठ सोडवायला हवी. स्पर्शाने लिंग ताठरणं ही शरीराची आपोआप होणारी क्रिया आहे. अत्याचार करणारा त्याच क्रियेकडे बोट दाखवून ‘बघ, तुलाही आवडतंय’ म्हणतो, आणि मुलगा वर्षानुवर्षं स्वतःला दोषी मानत राहतो. किशोर मुलग्यांशी बोलताना हे वाक्य मुद्दाम उच्चारा: शरीराने प्रतिसाद दिला म्हणजे संमती दिली असं होत नाही.

पायरी ६: वही ठेवा

संशय आल्यापासून एका वहीत तारीख, वेळ, काय दिसलं आणि मुलाचे शब्द लिहा. आपला अर्थ लावू नका. ‘मुलीने अत्याचाराबद्दल सांगितलं’ ही नोंद निरुपयोगी. नोंद अशी हवी: ‘१२ तारीख, रात्री साडेआठ, अंघोळ घालताना. मी काही विचारलं नव्हतं. ती म्हणाली, दादा इथे बोट लावतो आणि चूप म्हणतो. हाताने पुढची जागा दाखवली. मी विचारलं, मग काय झालं? ती म्हणाली, मला झोपायचंय.’ तुम्ही काय विचारलं तेही लिहायचं. पुढे न्यायालयात हाच प्रश्न येतो की मुलाच्या तोंडी कोणी शब्द घातले का.

पायरी ७: विचारायचं कसं

जागा निवांत, संशयित माणूस घरात नसताना, हाताला काहीतरी काम: चित्र काढणं, कपड्यांच्या घड्या घालणं. समोर बसवून डोळ्यांत डोळे घालून चौकशी केली तर मूल आक्रसतं.

प्रश्न मोकळे हवेत. ‘अलीकडे तू क्लासला जायच्या आधी रडतोस असं मला दिसलं. तिथे काय काय होतं, सांगशील?’ त्यानंतर फक्त ‘मग?’, ‘अजून सांग’, ‘तू म्हणालास तो खेळ, तो कसा असतो?’ मुलाने वापरलेलाच शब्द वापरायचा.

‘काकांनी तुला चड्डीत हात घातला ना?’ असा प्रश्न कधीही विचारू नका. लहान मूल मोठ्यांना हवं ते उत्तर देतं, तोच प्रश्न पुन्हा आला की पहिलं उत्तर चुकलं असं समजून बदलतं. अमेरिकेतल्या मॅकमार्टिन बालवाडीच्या खटल्यात १९८० च्या दशकात शेकडो मुलांना असे सुचवणारे प्रश्न विचारले गेले. खटला १९९० पर्यंत चालला आणि एकही आरोप सिद्ध झाला नाही. चुकीच्या प्रश्नांनी निर्दोष माणूस अडकू शकतो आणि खरा गुन्हेगार सुटूही शकतो. म्हणून घरी फक्त इतकंच कळून घ्या: काय झालं, कोणी केलं, आता मूल सुरक्षित आहे का. बाकीचं प्रशिक्षित माणसांना विचारू द्या.

मूल काही बोललं नाही तर ‘तुला कधीही सांगावंसं वाटलं, रात्री उठवून जरी सांगितलंस, तरी मी ऐकेन’ म्हणा आणि विषय सोडा. लक्ष सोडू नका.

पायरी ८: मुलाने सांगितलं, त्या पहिल्या काही मिनिटांत

पुष्कळ मुलं सुरुवातीला तुकडा सांगून बघतात: ‘माझ्या मैत्रिणीला कोणीतरी असं केलं.’ तुमचा चेहरा कसा होतो यावर पुढचं सांगायचं की नाही ते ठरतं. श्वास घ्या, आवाज खाली ठेवा.

म्हणा: ‘तू सांगितलंस ते फार चांगलं केलंस. माझा तुझ्यावर विश्वास आहे. तुझी काही चूक नाही. हे थांबवण्यासाठी मला आणखी एक-दोन मोठ्या माणसांची मदत घ्यावी लागेल.’

‘आधी का नाही सांगितलंस?’, ‘तू ओरडली का नाहीस?’, ‘तिथे गेलासच कशाला?’ हे प्रश्न मुलाच्या कानाला आरोप वाटतात. ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, ते पाळता येणार नाही. ‘त्याला मी जिवंत सोडणार नाही’ हेही तोंडातून काढू नका. आपल्यामुळे आता खून होणार, या भीतीने मूल बोललेलं मागे घेतं. त्याच रागात त्या माणसाला जाब विचारायला जाऊ नका, तो पुरावा नाहीसा करतो आणि मुलावर दबाव आणतो.

पायरी ९: पहिले ७२ तास

घटना नुकतीच घडली असेल तर मुलाला अंघोळ घालू नका, ते कपडे धुऊ नका. प्रत्येक कपडा आणि चादर वेगवेगळ्या कागदी पिशवीत ठेवा. प्लास्टिकमध्ये ओल धरते आणि पुरावा कुजतो. अंघोळ झाली असेल तरी जा, लहान मुलांत पुरावा पुष्कळदा कपड्यांवर आणि चादरीवरच सापडतो.

एचआयव्हीची बाधा टाळणारी औषधं ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर तितकी चांगली, सुरू करून २८ दिवस घ्यायची असतात. वयात आलेल्या मुलीला गर्भधारणा टाळण्याची गोळी पाच दिवसांपर्यंत देता येते, पण लवकर दिली तर जास्त उपयोगी. उपचार आधी, कागदपत्रं नंतर: पोलिसांचं पत्र आणल्याशिवाय तपासणार नाही असं डॉक्टर म्हणू शकत नाहीत. सरकारी आणि खासगी दोन्ही रुग्णालयांनी हे उपचार विनामूल्य द्यायचे आहेत. मुलीची तपासणी महिला डॉक्टरनेच, आणि मुलाच्या विश्वासातल्या माणसासमोर करायची. ‘दोन बोटांची चाचणी’ (योनीत बोटं घालून तपासणं) करणं गैरवर्तन ठरेल असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली स्पष्ट केलं आहे. कोणी करू लागलं तर नकार द्या.

पायरी १०: कळवणं

पॉक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे, आणि अठरा वर्षांखालच्या मुलगा-मुलगी दोघांनाही तो संरक्षण देतो. कलम १९ प्रमाणे गुन्हा घडल्याचं माहीत असलेल्या, किंवा घडेल अशी भीती वाटणाऱ्या कोणीही पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवायचं आहे. पुरावा गोळा करणं तुमचं काम नाही. सद्भावनेने कळवलं आणि पुढे संशय चुकीचा निघाला तरी तुमच्यावर कारवाई होत नाही. माहीत असून लपवलं तर मात्र सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि संस्थाप्रमुखाने कर्मचाऱ्याचा गुन्हा लपवला तर एक वर्षापर्यंत. ‘शाळेच्या अब्रूचा प्रश्न आहे, आपापसात मिटवू’ असं कोणी म्हटलं तर हाच कायदा त्यांना दाखवा.

कुठून सुरुवात करावी कळत नसेल तर १०९८ ही मुलांची मदतवाहिनी दिवसरात्र विनामूल्य चालते. तातडीचा धोका असेल तर ११२. पोलिसांनी २४ तासांत बालकल्याण समितीला (मुलांच्या काळजी-संरक्षणाचे निर्णय घेणारी सरकारने नेमलेली समिती) कळवायचं असतं. मुलासोबत तपासभर आणि खटलाभर राहणारी साहाय्यक व्यक्ती ही समिती देऊ शकते. ती मागून घ्या. पुष्कळ कुटुंबांना असं कोणी मिळतं हेच माहीत नसतं.

मुलाचा जबाब घरी किंवा मुलाला बरं वाटेल त्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता, पालकासमोर किंवा विश्वासातल्या माणसासमोर घ्यायचा आहे. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही, आरोपीसमोर उभं करता येत नाही. मुलाचं नाव, फोटो, शाळा उघड करणं गुन्हा आहे. सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर ‘सगळ्यांनी सावध राहा’ म्हणून टाकलेला संदेशही त्यात बसू शकतो. घटना जुनी असली म्हणून मागे राहू नका, गंभीर गुन्ह्यांना तक्रारीच्या मुदतीचं बंधन नाही.

आरोपी घरातलाच असेल तर

इथे सगळ्यात जास्त गोष्टी बिघडतात. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ रोलंड समिट यांनी १९८३ साली अत्याचार सोसणाऱ्या मुलाच्या वागण्याचे पाच भाग मांडले: गुपित, असहाय्यता, अडकून जुळवून घेणं, उशिरा आणि अडखळत सांगणं, आणि मग सांगितलेलं मागे घेणं. शेवटचा भाग घरातल्या प्रकरणांत फार दिसतो. बाबांना पोलीस घेऊन गेले, आई रडते, आजी जेवत नाही, घरखर्चाचं काय म्हणून मामा विचारतो. हे सगळं आपल्यामुळे झालं असं मुलाला वाटतं, आणि एका संध्याकाळी ते म्हणतं, ‘मी खोटं बोलले होते.’ घर सुटकेचा श्वास टाकतं. त्या क्षणी मूल सर्वाधिक धोक्यात असतं. मागे घेतलं म्हणजे घडलं नव्हतं असं ठरवू नका. तपास अधिकाऱ्याला आणि समुपदेशकाला मुलाचे शब्द सांगा, त्याआधी घरात काय काय बोललं गेलं तेही सांगा.

घरातून आरोपीला बाहेर काढायचं, मुलाला नव्हे. मुलालाच मावशीकडे पाठवलं की शिक्षा आपल्याला झाली असं त्याला वाटतं, शाळा आणि मित्रही तुटतात. आरोपीला बाहेर काढणं शक्यच नसेल तर बालकल्याण समितीशी बोलून तात्पुरती सोय करा आणि मुलाला कारण स्पष्ट शब्दांत सांगा.

सांगून झाल्यावर चिन्हं काही काळ वाढू शकतात. अंथरूण पुन्हा ओलं होतं, राग बाहेर येतो, आणि तो बहुधा ज्याच्यापाशी सुरक्षित वाटतं त्याच्यावर, म्हणजे तुमच्यावर निघतो. आघातावर केंद्रित असलेली, पालकालाही सोबत घेणारी वर्तनोपचार पद्धत (इंग्रजीत टीएफ-सीबीटी) साधारण १२ ते १६ बैठकांची असते आणि मुलांवर तिचा चांगला उपयोग होतो. बालमानसोपचारतज्ज्ञाला नेमकी तिचीच चौकशी करा. शाळेत एकाच शिक्षकाला, आणि गरजेपुरतंच सांगा. न्यायालयाची तारीख, तो क्लास जिथे होता तो रस्ता, त्या माणसाच्या अत्तराचा वास, यांनी महिन्यांनंतरही मूल एकाएकी गप्प होईल. त्या दिवशी अभ्यास बाजूला ठेवून त्याच्याजवळ बसा, आणि वहीत तारीख टाकून ते लिहा.